लायक्राच्या स्कर्टला पॅटर्न कुठला? आधी कापड ओढून बघा

ताई, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी लिहिते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही देवगडला दहा वर्षं ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवताय. आता गिऱ्हाइकांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली लायक्राचे स्कर्ट मागायला लागल्या. तुम्ही तुमचा नेहमीचा सुती ए-लाइन (खाली थोडा पसरत जाणाऱ्या) स्कर्टचा पॅटर्न घेतलात आणि ‘ताणतं कापड आहे, एक साइज कमी कापा’ हे ऐकून तसं कापलंत. पहिला स्कर्ट दोन तास घातल्यावर मागून पिशवीसारखा लोंबला, आणि खालची दुमड लाटालाटांची झाली. दुसरा सीटवरून, म्हणजे नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावरून, वर चढेचना. मशीन काळी, म्हणजे फक्त सरळ टीप घालणारी, मोटार लावलेली, घरात कडा गुंतवायची इंटरलॉक मशीन नाही. मग पॅटर्न कुठला घ्यावा आणि नवी मशीन घ्यावीच लागेल का?

मी कुडाळला बावीस वर्षं शिवते. त्यातली पहिली नऊ वर्षं काळ्या मशीनवरच गेली, त्यामुळे तुमची अडचण मला जवळून माहीत आहे. तुमच्याच मजकुरात एक गोष्ट आहे ती बघा. एकच पॅटर्न, एकच कपात, आणि एक स्कर्ट ढगळ झाला, दुसरा अडकला. पॅटर्न चुकीचा असता तर दोन्ही स्कर्ट एकाच बाजूला बिघडले असते. म्हणजे ती दोन कापडं वेगळी होती. दुकानदाराने दोन्हीला ‘लायक्रा’ म्हटलं असेल, पण एक सहज ताणलं जाणारं आणि परत न येणारं होतं, आणि दुसरं मुळात फारसं ताणलंच जात नव्हतं. म्हणून ‘पॅटर्न कुठला’ याच्या आधी ‘हे कापड किती ताणतं आणि किती परत येतं’ हा प्रश्न सोडवायला हवा. तो सुटला की पॅटर्न निवडायला फार वेळ लागत नाही.

‘लायक्रा’ हे खरं तर कापडाचं नाव नाही. तो धागा आहे, आणि लायक्रा हे त्याचं एका कंपनीने दिलेलं नाव. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा तयार केला. सुती, व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर कापडात तो थोडासा घालतात. बाजारात नेहमी मिळतं ते ‘९५ टक्के कॉटन, ५ टक्के लायक्रा’. तो थोडासा धागा कापडाला परत ओढून आणण्याचं काम करतो. मुळात कापड किती ताणायचं ते ठरतं त्याच्या विणीवर, आणि इथे आपल्याकडे मोठा घोळ होतो, कारण मराठीत दोन्ही कापडांना आपण ‘विणलेलं’च म्हणतो.

एक असतं मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं. स्ट्रेच डेनिम किंवा कॉटन-लायक्रा सॅटिन या जातीतलं. त्यात बहुतेक वेळा फक्त आडव्या धाग्यात लायक्रा असतो, त्यामुळे ते आडवं थोडं ताणतं आणि उभं जवळजवळ नाहीच. त्याला सुती कापडासारखंच वागवा: टक द्या, चेन लावा, साइज कमी करू नका. तुमचा दुसरा, न चढलेला स्कर्ट बहुधा याच कापडाचा होता.

दुसरं असतं होजिअरी, म्हणजे स्वेटरसारखं फाशांनी गुंफलेलं. तुम्ही देवगडच्या, तुम्हाला जाळ्याचं उदाहरण देते. रापणीचं जाळं आडवं ओढलं की डोळे रुंदावतात आणि जाळं उंचीला आखडतं, उभं ओढलं की चिंचोळं होतं. धागा तोच असतो, तो लांबत नाही, फक्त डोळ्याचा आकार बदलतो. होजिअरीत अगदी हेच घडतं. म्हणून लायक्रा नसलेलं बनियनचं कापडसुद्धा भरपूर ताणतं, पण त्याला परत ओढून आणणारं कोणी नसतं. कोपर बाहेर आलेला जुना टीशर्ट आठवा. (या कापडाला जर्सी हे नाव इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून पडलं. तिथले कोळी लोकरीचे असे गुंफलेले सदरे घालत. समुद्रावर काम करणाऱ्यांना हात मोकळा हलवता येईल असं कापड लागतं, मग किनारा कुठलाही असो.)

आता कापड मोजायचं कसं. काठापासून जरा आत, आडव्या दिशेला कापडाला एक घडी घाला. कापलेल्या कडेवर मोजू नका, कड नेहमी जास्त ताणते. घडीवर बरोब्बर चार इंचांवर दोन टाचण्या टोचा. टेबलावर टेप पसरा आणि दोन्ही टाचण्या धरून आरामात ओढा, कापडाची वीण ताठ होईपर्यंत नाही. चाराचे पाच झाले तर पंचवीस टक्के, सहा झाले तर पन्नास. असंच उभ्या दिशेलाही करा. आता दुसरा भाग, जो बहुतेक जण सोडून देतात: ताणलेलं कापड मनात दहा मोजेपर्यंत धरून ठेवा, सोडा आणि परत मोजा. असं पाच वेळा. शेवटी चारावर चार आले तर कापड विश्वासाचं. सव्वाचार आले तर हा स्कर्ट संध्याकाळपर्यंत मागे लोंबणार, शिवण कितीही चांगली असली तरी. तुमच्या पहिल्या स्कर्टचं हेच झालं असणार.

किती ताणतं यापेक्षा परत किती येतं याला मी जास्त मान देते. कमी ताणणाऱ्या कापडाला चेन लावून निभावता येतं. परत न येणाऱ्या कापडाचा तंग स्कर्ट मात्र कुठल्याच कारागिरीने वाचत नाही. ते कापड सैल, घेरदार स्कर्टला वापरायचं, कारण तिथे त्याच्यावर ताणच येत नाही.

आता न चढलेल्या स्कर्टचा हिशोब मांडू. समजा मुलीची कंबर ३० आणि सीट ४०. चेन नसलेला स्कर्ट पायातून वर येताना त्याची कंबर ४० इंचांच्या सीटवरून जायलाच हवी. ३० चे ४० व्हायचे म्हणजे तेहतीस टक्के ताण. तुमचं कापड वीस टक्केच ताणत असेल तर ३० चे होतात ३६. चार इंच कमी पडले, तिथेच स्कर्ट अडकला. साइज कमी केल्यामुळे ते अंतर आणखी वाढलं. अशा वेळी दोन वाटा आहेत. चेन लावायची, किंवा स्कर्टची वरची कड ३४-३५ इंच कापायची आणि नेफ्यात इलास्टिक घालून ती कंबरेला आखडून घ्यायची. ३४ चे वीस टक्क्यांनी ४१ च्या जवळपास होतात, म्हणजे चढेल. पण हे गणित कापडापुरतं झालं. त्यावर टीप पडली की ताण कमी होतो, इलास्टिक लावलं की आणखी थोडा. म्हणून कापड जितकं ताणतं त्यातला तीन-चतुर्थांशच मी हिशोबात धरते, आणि वीस टक्क्यांच्या कापडात ३५ च्या खाली सहसा जात नाही.

‘एक साइज कमी’ हा सल्ला सरसकट का चुकीचा, ते यावरून लक्षात येईल. किती कमी करायचं ते स्कर्टच्या घाटावर आणि कापडावर अवलंबून आहे. अंगाबरोबर बसणारा पेन्सिल स्कर्ट आणि जाडसर, चांगलं परत येणारं पॉन्टी कापड असेल तर मी सीटला एक इंच कमी करते, कधी अजिबात नाही. पातळ, पन्नास टक्के ताणणारं कॉटन-लायक्रा असेल तर दोन इंचांपर्यंत. ए-लाइनला सीटवर शून्य: माप ४० तर स्कर्ट ४०. घेरदार स्कर्टला कमी करण्याचा प्रश्नच नाही. आणि सीटचं माप बसवूनही घ्या. उभं असताना ४० असलेली सीट खुर्चीवर बसल्यावर दीड-दोन इंच वाढते, आणि आपल्या मुली नुसत्या खुर्चीवर बसत नाहीत. जेवायला मांडी घालतात, आरतीला खाली बसतात, स्कूटीवर पाय टाकतात, एसटीची ती उंच पायरी चढतात. फिटिंगच्या वेळी मी प्रत्येकीला जमिनीवर बसवते, उठवते आणि स्टुलावर एक पाय ठेवायला लावते. मगच खालची दुमड आखते. गुडघ्यापर्यंतच्या पेन्सिल स्कर्टला मागे सहा इंचांची चीर मी देतेच, कापड कितीही ताणणारं असलं तरी. नाहीतर पायरीच्या प्रत्येक चढाला गुडघ्यावरचं कापड ताणलं जातं आणि महिनाभरात तिथे फुगवटा येतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: कापड मागावरचं की होजिअरी ते ओळखा, ताण मोजा, परतावा मोजा, कंबर सीटवरून जाते का याचा हिशोब करा. मग घाट ठरवा.

घाटाबद्दल माझं मत सरळ आहे. पहिला स्कर्ट पॉन्टीचा ए-लाइन शिवा. पॉन्टी हे दोन थर एकत्र गुंफल्यासारखं जाडसर कापड आहे, बहुतेक पॉलिएस्टर, व्हिस्कोस आणि लायक्राचं. त्याची कड गुंडाळत नाही, ते मशीनखाली सरकत नाही, आणि शिकायला त्याच्यासारखं दुसरं कापड नाही. तुमचा सुतीचा ए-लाइन पॅटर्न त्याला चालेल, फक्त चेन काढा आणि पुढचे टक काढून टाका. मागचे टक मात्र लगेच काढू नका. कंबर आणि सीट यांत दहा इंचांपर्यंत फरक असेल तर इलास्टिक तो खाऊन टाकतं. बारा-तेराच्या वर गेला तर मागे मध्यावर एक जोड देऊन त्या जोडातच कंबर आत घ्या. दोन टकांपेक्षा हे स्वच्छ दिसतं आणि कंबरेच्या खोलगट भागात कापड गोळा होत नाही.

पातळ जर्सीत मुली बहुतेक सर्कल स्कर्ट मागतात, आणि तिथे सगळे एक गोष्ट विसरतात: वजन. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. दुकानात कोणी सांगत नसेल तर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. अडीच ग्रॅम भरला तर २५० जीएसएम. आता ३० कंबर, ३० उंची, पूर्ण गोल स्कर्ट धरा. कापड लागतं जवळजवळ २.४ चौरस मीटर. २५० जीएसएममध्ये तो स्कर्ट सहाशे ग्रॅमचा होतो, आणि ते सगळं वजन एका कंबरपट्टीला टांगलेलं असतं. इलास्टिक मऊ असेल तर दिवसभर स्कर्ट खाली उतरत राहतो आणि मुलगी दिवसभर तो वर ओढत राहते. अर्ध्या गोलाला तेवढ्याच उंचीत पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि पडतोही तो छान. म्हणून पूर्ण गोल मी फक्त १८० जीएसएमच्या खालच्या कापडात शिवते, आणि त्यालाही दीड इंच रुंदीचं कडक इलास्टिक. आतल्या गोलाची त्रिज्या काढताना कंबर नव्हे, तर नेफ्याचं जे माप ठरलं असेल ते घ्या. पूर्ण गोलाला ते ६.२८ ने भागा, अर्ध्या गोलाला ३.१४ ने. कापून झालं की स्कर्ट एक रात्र कंबरेला चिमटे लावून टांगून ठेवा. तिरक्या भागात कापड खाली उतरतं, कधी दोन-दोन इंच. सकाळी जमिनीपासून मोजून कड सारखी करा. ही रात्र वाचवायला जाऊ नका, पुढे दुमड वाकडी दिसली की सगळं काम फुकट जातं.

विकतचे पॅटर्न घ्यायचे असतील तर पाकिटावर किंवा पहिल्या पानावर ‘फक्त ताणत्या होजिअरीसाठी’ असं लिहिलेलं असतं आणि बाजूला एक पट्टी छापलेली असते: इतक्या इंचाचं कापड इथपर्यंत ताणायला हवं. ती पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती पट्टी त्या पॅटर्नची अटच असते. साइजच्या आकड्याकडे बघू नका, परदेशी १२ म्हणजे आपलं १२ नव्हे. सीटचं माप बघा, आणि तयार कपड्याचं माप दिलं असेल तर तेही. मोबाइलवर पॅटर्न घेऊन झेरॉक्सच्या दुकानात छापणार असाल तर दुकानदाराला ‘पानात बसवू नका, शंभर टक्के आकार ठेवा’ हे निक्षून सांगा. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, तो टेपने मोजा. त्यात सुताचा फरक आला तर सीटवर इंचाचा फरक पडतो.

कापण्याआधी कापड धुवा. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आखडते, विशेषतः उंचीला. मग रात्रभर सपाट पसरून ठेवा, गुंडाळीतला ताण निघून जातो. कापताना अर्धं कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका, ते स्वतःच्या वजनाने ताणलं जातं आणि तुम्ही ताणलेलं कापून मोकळ्या होता. जास्त ताण असलेली दिशा अंगाभोवती, आडवी आली पाहिजे. जर्सीची सरळ बाजू ओळखायला आडवी कापलेली कड हलकेच ओढा, ती सरळ बाजूकडे गुंडाळते. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, तीन सूत ठेवा, पाऊण इंचाच्या निम्मी. होजिअरीची कड उसवत नाही, जास्त माया फक्त जाडी वाढवते. पहिल्या स्कर्टला मात्र बाजूंना इंचभर ठेवा, फिटिंगला उपयोगी पडेल. आणि चाचणीचा स्कर्ट मांजरपाटाचा करू नका. ते ताणत नाही, त्यावरून काहीच कळणार नाही. स्वस्त होजिअरीचाच करा.

आता मशीन. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण काळ्या मशीनवर हे होतच नाही असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय.

माझा पहिला होजिअरी स्कर्ट मी एका ओळखीच्या मुलीला गणपतीसाठी शिवून दिला होता. साधी सुई, सुती धागा, ब्लाउजला घालते तशी बारीक टीप. दुसऱ्या दिवशी तिची आई स्कर्ट घेऊन आली. ‘आरतीक बसली नि शिवण सुटली,’ म्हणाली. रागावली नव्हती, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. घरभर पाहुणे असताना त्या पोरीची काय अवस्था झाली असेल, हेच डोक्यात येत होतं. नंतर तो स्कर्ट उलटा करून मी तास-दीड तास बघत बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की बाजूची शिवण शाबूत होती. तुटली होती ती कंबरेची टीप, आणि खालच्या दुमडीची.

त्यातच सगळं उत्तर आहे. स्कर्टच्या बाजूच्या शिवणी उभ्या जातात. बसता-उठता कापड ताणतं ते मुख्यतः आडवं. त्यामुळे उभ्या शिवणीला फारसं ताणावं लागतच नाही, ती साध्या टिपेने टिकते. ताण खातात त्या दोनच आडव्या शिवणी, कंबर आणि दुमड. काळ्या मशीनवर काम करताना सगळी काळजी या दोन ठिकाणी घ्यायची.

आधी सुई बदला. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते, तिचं टोक गोलसर असतं. ते धाग्याला न भोसकता फाशांच्या मधून वाट काढतं. टोकदार सुई फासा तोडते, आणि मग तिथून शिडीसारखी उसवण सुरू होते. पातळ कापडाला ११ नंबर, पॉन्टीला १४. काळ्या घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची सुई बसते, ज्यूकीसारख्या कारखान्यातल्या मशीनला गोल दांड्याची, तेव्हा घेताना तसं सांगून घ्या. मशीन टाके सोडत असेल तर दहातल्या आठ वेळा दोष सुईचा असतो. धागा पॉलिएस्टरचा, सुती मुळीच नको. दाबाचा स्क्रू, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या दांड्यावरचा, दोन-तीन फेरे सैल करा. वरच्या धाग्याचा ताणही जरा कमी करा. टीप मध्यम लांबीची ठेवा, इंचाला दहाच्या आसपास, आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. किंचितच. सोडल्यावर शिवण आखडून टीप सैल पडते, तोच तिचा साठा. शिवून झाली की जोरात ओढून बघा. ‘कट्’ आवाज आला तर उसवा आणि आणखी थोडं ताणून घाला. आडव्या शिवणींना बॉबिनमध्ये फुगीर नायलॉनचा धागा हाताने सैल गुंडाळून घातला तर टीप आणखी ताणते.

काळ्या मशीनचा एक फायदाही सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. तिच्या प्लेटला सुईपुरतं एकच बारीक भोक असतं. झिगझॅग मशीनच्या प्लेटला आडवी फट असते आणि पातळ जर्सी सुरुवातीलाच त्या फटीत खेचली जाते. काळ्या मशीनवर हा त्रास खूप कमी. तरी कापड दातांत अडकत असेल तर खाली पतंगाचा कागद धरून शिवा आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

कंबरेसाठी काळ्या मशीनवर माझी पद्धत अशी: वरची कड सीटपेक्षा दोनच इंच कमी कापते, ४० ला ३८. मग नेफ्याच्या टिपेला जेमतेम पाच टक्के ताणावं लागतं, तेवढं ती सहज देते. पातळ आणि मध्यम कापडात चुण्या छान पडतात. पॉन्टीत एवढ्या चुण्या जाड दिसतात, म्हणून तिथे वरची कड ३५ कापून फक्त कंबरेचं काम फॉल-पिकोच्या दुकानात इंटरलॉकवर करून घ्या. आपल्याकडे कडा गुंतवण्याला ‘इंटरलॉक’ म्हणतात आणि होजिअरीच्या एका जाड जातीलाही इंटरलॉकच म्हणतात, तेव्हा दुकानात बोलताना नीट फोड करून सांगा. चार धाग्यांची मशीन असेल तर उत्तम. इलास्टिक कंबरेपेक्षा तीन इंच कमी, वर जोडायला एक इंच. ३० च्या कंबरेला २७ अधिक १. फिटिंगच्या आधी टोकं कायमची शिवू नका, पिनेने धरून घालायला द्या. कोणाला घट्ट आवडतं, कोणाला पोटावर वळ उमटलेला चालत नाही.

लाटा आलेल्या दुमडीचं कारण बहुतेक पायाचा दाब. पाय वरचा थर अडवून धरतो, दात खालचा ओढतात, आणि कापड ताणलेल्या स्थितीतच शिवलं जातं. दाब सैल करा, दुमडीत मऊ फ्युजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाची) अरुंद पट्टी चिकटवा आणि मग शिवा. आलेल्या लाटा वाफेने बऱ्याच बसतात. इस्त्री वरून टेकवा, घासू नका. पण मला विचाराल तर काळ्या मशीनवर दुमड घालूच नका. त्याच कापडाची दुहेरी पट्टी खाली जोडा, स्कर्टच्या कडेपेक्षा इंचभर कमी लांबीची. ती कड आत ओढून धरते, लाट येत नाही आणि डिझाइनसारखी दिसते. किंवा हाताने फुलीफुलीचा सैल टाका घाला, तो कापडाबरोबर ताणतो. पातळ जर्सीच्या घेरदार स्कर्टला मी कित्येकदा कड नुसती स्वच्छ कापून सोडते. उसवत नाही, आणि पडतेही हलकी.

अस्तर लावायचंच असेल तर ते होजिअरीचंच हवं. नेहमीचं लायनिंगचं कापड लावलं तर सगळा ताण तिथेच अडतो.

नवी मशीन घ्यावी का, हे महिन्याला असे किती स्कर्ट येतात त्यावर आहे. दोन-चार येत असतील तर नको. आठवड्याला तेवढे यायला लागले तर आधी झिगझॅग असलेली घरगुती मशीन घ्या, इंटरलॉक नंतर. पुष्कळ जणी उलट करतात. पण इंटरलॉक कड कापत जाते, चुकलं तर माया परत येत नाही, आणि दुमड तिच्यावर होत नाही. झिगझॅग मशीनवर अगदी अरुंद झिगझॅग, रुंदी अर्धा ते एक आणि लांबी अडीच मिलिमीटर, एवढ्यावर पूर्ण स्कर्ट होतो. त्यावर जोडसुई बसते आणि दुमडीला तयार कपड्यासारख्या दोन ओळी येतात.

शेवटी आपल्या हवेबद्दल. जाड पॉलिएस्टरचं स्कूबा दुकानात फार सुंदर दिसतं, पण मे महिन्यात किनाऱ्यावर ते अंगावर सहन होत नाही. मी ते शिवायला घेते तेव्हा आधी तसं स्पष्ट सांगते. उन्हाळ्याला २००-२२० जीएसएमचं कॉटन-लायक्रा. पावसाळ्यात तेच कापड पडवीत दोन-दोन दिवस वाळत नाही, वास धरतं, म्हणून तेव्हा पॉन्टी बरं. ओला सुती होजिअरीचा स्कर्ट कंबरेला चिमटे लावून टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. दोरीवर मध्यावर आडवा टाकायचा, हे गिऱ्हाइकाला द्यायच्या पिशवीवर मी लिहूनच देते, आणि त्याखाली ‘कडक इस्त्री आणि ब्लीच नको’ हेही. दोन्हीने लायक्रा मरतो. खाऱ्या हवेत बॉलपॉइंट सुयांना गंज पटकन चढतो. मशीनच्या तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेवा, आणि शिवायला घेताना पुसून घ्या, नाहीतर फिक्या कापडावर तेलाचा ठिपका पडतो.

आता त्या दोन बिघडलेल्या स्कर्टांचं. न चढलेल्याची बाजूची शिवण वरून सात इंच उसवा आणि चेन लावा. कंबर तिच्या मापाची असेल तर तो स्कर्ट वाचला. लोंबलेल्याचं कापड चांगलं असेल तर सीटपासून खालचा भाग कापून एखाद्या लहान मुलीचा चुण्यांचा स्कर्ट होईल, त्यात ते कापड लोंबणार नाही. दोन्ही कापडांचे हाताएवढे तुकडे काढून ठेवा, त्यांवर ताण आणि परतावा लिहा, आणि पुढच्या वेळी कापड घ्यायला जाताना ते पिशवीत घेऊन जा.